विचाराची पोच कुठवर?

दम्याच्या रुग्णांवर बॉस्टनमध्ये झालेला एक छोटा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. विचारांच्या सामर्थ्यावर बोलणाऱ्या प्रत्येकानं आधी तो वाचावा, असं मला वाटतं. त्याच त्या रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी चार तऱ्हांनी वागवलं गेलं. एखाद्या दिवशी सालब्युटामॉलचा खरा पंप, एखाद्या दिवशी दिसायला तसाच पण आत औषध नसलेला पंप, कधी सुया टोचल्याचं नाटक, तर कधी काहीच न देता नुसतं बसवून ठेवणं. मग दोन गोष्टी पाहिल्या. यंत्रात फुंकर मारायला लावून फुप्फुसांतून हवा किती जोरानं बाहेर पडते ते मोजलं, आणि रुग्णाला विचारलं, ‘किती बरं वाटतंय?’ यंत्राचं उत्तर सरळ होतं. खऱ्या पंपानं मोजमाप २० टक्क्यांनी सुधारलं, बाकी तिन्ही दिवशी साधारण ७ टक्क्यांनी. रुग्णांचं उत्तर मात्र निराळं आलं. खऱ्या पंपानं ५० टक्के सुधारणा वाटली, खोट्या पंपानं ४५, खोट्या सुयांनी ४६ आणि नुसतं बसून राहिल्यावर २१.

या दोन उत्तरांमधलं अंतर नीट पाहा. आराम पडेल या अपेक्षेनं त्या माणसांना खरोखरच आराम पडला होता. ती खोटं बोलत नव्हती. पण आवळलेल्या श्वासनलिका काही त्या अपेक्षेला बधल्या नाहीत. म्हणून निव्वळ विश्वासावर पंप घरी ठेवून गावाला जाणारा दमेकरी जिवाशी खेळतो. आणि ‘मनाचे खेळ आहेत सगळे’ म्हणत रुग्णाकडे मान वर करूनही न बघणारा डॉक्टर हातातलं औषध अर्धं वाया घालवतो.

आपल्याकडे या विषयावर बोलणारे दोनच पंथ दिसतात. एक मंगल कार्यालयाचा हॉल भाड्यानं घेऊन ‘विचार बदला, नशीब बदलेल’ असं सांगणारा. मनात तीव्रतेनं धरलं की गाडी, बंगला, निरोगी शरीर सगळं चालत येतं, यावर त्याची श्रद्धा आणि बहुधा त्याचा चरितार्थही. दुसरा पंथ हे ऐकून वैतागलेल्यांचा. त्यांच्या लेखी मन म्हणजे रिकामटेकड्यांचं कौतुक. विचाराचा हात काही ठिकाणी चांगलाच लांब पोचतो, काही ठिकाणी अजिबात पोचत नाही, आणि पोचतो तिथेही तो योग्य तऱ्हेनं वापरावा लागतो. ही तऱ्हा दोन्ही पंथांत कुणी शिकवत नाही.

सगळ्यात लांब तो पोचतो तो दुखण्यापर्यंत. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेव्हाइन, गॉर्डन आणि फील्ड्स या तिघांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. औषध नसलेलं इंजेक्शन घेऊनही काहींची कळ कमी झाली होती. त्यांना नालॉक्सोन दिल्यावर कळ पुन्हा वाढली. नालॉक्सोन म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या औषधांचा परिणाम तोडणारं औषध. याचा अर्थ असा की ‘आता कमी होईल’ या अपेक्षेसरशी मेंदूनं स्वतःच मॉर्फिनसारखं द्रव्य सोडलं होतं. तेव्हापासून ‘तुला नुसतं वाटतंय’ हे वाक्य निदान दुखण्याच्या बाबतीत तरी अर्थ हरवून बसलं आहे. वाटणं हीसुद्धा शरीरातलीच घडामोड असते.

यासाठी रुग्णाला फसवावंही लागत नाही. हार्वर्डच्या टेड कॅपचक यांनी २०१० साली पोटाच्या जुनाट तक्रारी असलेल्या ८० जणांमधल्या निम्म्यांना स्पष्ट सांगून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. ‘यात औषध नाही, पण नेमानं घ्या, अशा गोळ्यांनीही शरीर आपली दुरुस्ती सुरू करू शकतं,’ असं सांगितलं. तीन आठवड्यांनी त्यांतल्या ५९ टक्के लोकांना पुरेसा आराम होता. गोळ्या न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांना. इटलीतल्या तुरीनच्या फाब्रीत्सिओ बेनेदेत्ती यांनी नेमकं उलट्या बाजूनं पाहिलं. शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक औषध रुग्णाच्या नकळत यंत्रातून सोडलं तर त्याचा गुण कमी येतो. डॉक्टरनं समोर उभं राहून ‘हे दुखणं थांबवायचं औषध देतोय’ असं सांगून तेच दिलं तर जास्त येतो.

तेव्हा पहिली गोष्ट अगदी साधी. औषध चालता-चालता, फोनवर बोलता-बोलता तोंडात टाकू नका. बसा, पाण्याचा पेला घ्या, ही गोळी कशासाठी आहे हे मनाशी म्हणा आणि मग घ्या. आजी-आजोबांची पिढी औषध घेताना देवाचं नाव घ्यायची, ते अगदीच वाया जात नसावं. रुग्णालयात असाल तर सलाईनमधून काय सोडलंय ते नर्सबाईंना विचारा; त्यात कमीपणा नाही. घरच्या आजाऱ्याला गोळी देताना ‘घे एकदाची’ असं म्हणून हातावर आपटू नका. ‘ही घेतलीस की अर्ध्या तासात ठणका उतरेल,’ असं म्हणा, अर्थात ते खरं असेल तरच.

याच सामर्थ्याची दुसरी बाजू त्रास द्यायला तितकीच तत्पर असते. कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखतं, म्हणून अनेक जण त्या सोडून देतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजनं अशा गोळ्या सोडलेल्या ६० जणांना वर्षभराच्या बारा बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत खरं औषध, चार महिन्यांच्या बाटल्यांत बिनऔषधी गोळ्या, चार बाटल्या रिकाम्या. रोजचा त्रास लोकांनी फोनवर नोंदवायचा. २०२० साली निष्कर्ष आला तो असा: खऱ्या गोळीनं जेवढा त्रास व्हायचा त्यातला ९० टक्के त्रास बिनऔषधी गोळीनंही होत होता. लोकांना हात-पाय खरंच दुखत होते, पण त्यामागे मुख्यतः गोळी घेतल्याची धास्ती होती. स्वतःचेच आकडे समोर ठेवल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या.

म्हणून औषधाच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका. काय काय होऊ शकतं हे विचारायचंच असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि प्रश्न असा करा: ‘यातलं कुठलं लक्षण दिसलं तर मी लगेच तुम्हाला फोन करायचा?’ तेवढी दोन-तीन लक्षणं लक्षात ठेवायची, बाकीची यादी सोडून द्यायची. गोळीनं त्रास होतोय अशी शंका आली तर परस्पर बंद करू नका. पंधरा दिवस वहीत लिहा, आणि बरे गेलेले दिवसही लिहा. आपण नेमके तेच लिहीत नाही.

आता पाठीकडे येऊ, कारण महाराष्ट्रात विचारानं शरीराचं जेवढं नुकसान पाठीत केलंय तेवढं दुसरीकडे कुठे केलं असेल असं मला वाटत नाही. ‘मणक्यात गॅप आहे.’ हे वाक्य एकदा कानावर पडलं की माणूस बदलतो. एमआरआयची फिल्म पिशवीत घालून तो डॉक्टरमागून डॉक्टर फिरतो. वाकणं बंद, भांड्यांची टोपली उचलणं बंद, नातवाला कडेवर घेणं बंद. बसताना टेबलाला धरून बसायचं, झोपताना फळी. घरातले सगळे पहारेकरी होतात: ‘अगं वाकू नकोस!’, ‘तुम्ही राहू द्या, मी उचलतो!’ वर्षभरानं पाठ आधीपेक्षा जास्त दुखत असते, आणि सगळे म्हणतात, बघा, गॅप वाढली.

ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांची एकत्रित मांडणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. मणक्यांमधल्या चकत्यांची झीज विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये सापडली, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांमध्ये. पुन्हा सांगतो, यांतल्या कुणाचीही पाठ दुखत नव्हती. केस पिकतात तशा चकत्याही वयानं बदलतात. म्हणजे फिल्ममध्ये जे दिसतं तेच दुखण्याचं कारण असेल असं नाही, आणि दुखणं थांबायला ती ‘गॅप’ भरून यायलाच हवी असंही नाही.

मग दुखणं वाढतं ते कसं? भीतीनं माणूस हालचाल टाळतो. न वापरलेले स्नायू ढिले पडतात. सगळं लक्ष पाठीकडे लागलेलं असल्यानं एरवी जाणवलीही नसती अशी कळ मोठी वाटते. त्या कळेनं भीतीला पुरावा मिळतो. ‘माझी पाठ निकामी झाली’ हा विचार असा आपल्या पायानं चालत शरीरात उतरतो. त्यात जादू काही नाही. एकेक पायरी दाखवता येते, आणि म्हणूनच त्याच पायऱ्यांनी परतही येता येतं.

परत येण्यासाठी आधी वाक्य बदला, पण बदललेलं वाक्य खरं असू द्या. ‘माझी पाठ ठणठणीत आहे’ असं आरशासमोर म्हणून उपयोग नाही, कारण दुपारी जिना चढताना ते खोटं पडतं आणि मन त्यानंतर तुमचं काही ऐकत नाही. ‘दुखतंय, पण दुखलं म्हणजे काही तुटलं असं नाही’ हे वाक्य टिकतं. मग सोडून दिलेल्या कामांतलं सगळ्यात हलकं काम निवडा: खाली पडलेला रुमाल उचलणं, किंवा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालणं. दुखो न दुखो, ठरवलं तेवढंच करायचं. बरं वाटतंय म्हणून दुप्पट नाही, कळ आली म्हणून शून्य नाही. आठवड्यानं थोडं वाढवायचं. घरच्यांनी पहारा सोडायचा. ‘वाकू नकोस’च्या जागी ‘आज कुठपर्यंत गेलात?’ एवढं विचारायचं. यासाठी चांगली फिजिओथेरपिस्ट मिळाली तर पैसे सार्थकी लागतील. पट्टा विकत घेण्यापेक्षा नक्कीच.

मात्र पायातली ताकद कमी होत असेल, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटत असेल, ताप किंवा कारणाशिवाय वजन घटणं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तिथे विचाराचं काही काम नाही.

प्लास्टरमध्ये हात असलेल्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. क्लीव्हलँडमधल्या संशोधकांनी २००४ साली काही जणांना बारा आठवडे, रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस करंगळी जोरानं बाजूला नेण्याची नुसती कल्पना करायला लावली. प्रत्यक्षात बोट हलवायचं नाही. ताकद ३५ टक्क्यांनी वाढली. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ५३ टक्क्यांनी. कल्पनेनं मांस वाढत नाही, मेंदूकडून स्नायूला जाणारा हुकूम अधिक ठाम होतो. गायक आणि तबलजी प्रवासात मनातल्या मनात रियाज करतात तो याच रस्त्यानं. व्यायाम टाळायला मात्र हा आधार घेऊ नका; ५३ हे ३५ पेक्षा मोठे आहेत.

आता हात कुठे पोचत नाही ते. डोकं-मानेच्या कर्करोगाच्या १०९३ रुग्णांचा अभ्यास जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला. रुग्णाची मनःस्थिती चांगली की वाईट, यावरून तो किती जगेल हे मुळीच ठरत नव्हतं. उमेदीत असलेले आणि खचलेले, दोघांच्या गाठी आपापल्या गतीनं वाढल्या किंवा विरघळल्या. हा निष्कर्ष मला निराश करणारा वाटत नाही. उलट तो रुग्णाच्या खांद्यावरचं एक ओझं उतरवतो. ‘पॉझिटिव्ह राहा’ असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, तेव्हा त्यात न बोललेलं वाक्य असतं: आजार वाढला तर तू नीट विचार केला नाहीस. केमोथेरपीच्या तिसऱ्या खेपेला ज्याच्या तोंडाला चव नाही, त्याला वर हा हिशोब द्यायला लावणं म्हणजे क्रूरपणा आहे. अशा वेळी भेटायला गेलात तर ‘मंगळवारी रुग्णालयात सोबत कोण आहे?’, ‘डबा तिखट चालतो का?’ असं काहीतरी विचारा. त्याला रडायचं असेल तर रडू द्या. रडण्यानं गाठ वाढत नाही. मन शांत असेल तर झोप बरी लागते, मळमळ सोसवते, उपचार मध्येच सोडले जात नाहीत. एवढं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी कुणावर गाठीची जबाबदारी टाकायची गरज नाही.

शरीराचं इतपत झालं. खुद्द मनाचं काय करायचं, हा प्रश्न जास्त जुना आहे. वैद्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते: औषध गुणकारी आहे, फक्त घेताना माकडाची आठवण होता कामा नये. तो रोगी जन्मात बरा होत नाही. टेक्सासमधल्या ट्रिनिटी विद्यापीठात डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली विद्यार्थ्यांवर हीच गोष्ट करून पाहिली, माकडाऐवजी पांढरं अस्वल घेऊन. पाच मिनिटं अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. शिवाय ज्यांनी विचार दाबला होता त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर अस्वल आणखी जास्त आठवलं. ‘नकारात्मक विचार मनात आणू नका’ हा सल्ला म्हणूनच कुचकामी आहे. काळजी हाकलली की ती माकड होऊन बसते.

काळजीला जागा आणि वेळ ठरवून द्या. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत सलणाऱ्या घटनेबद्दल लिहायला लावलं. घटनेसोबत तिच्याबद्दलच्या भावनाही ज्यांनी लिहिल्या, ते पुढच्या महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहानच दिसतो, पण खर्च काय तर एक वही. शुद्धलेखन पाहायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, हवं तर फाडून टाकायचं. लिहून उठल्याबरोबर मन जड वाटेल; ते अपेक्षित आहे, तेवढ्यावरून सोडू नका. जखम फारच ताजी असेल तर मात्र थांबा, किंवा समुपदेशकासमोर बसून लिहा.

दुसरी युक्ती आपल्या घरात तीनशेहून अधिक वर्षं आहे. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत २०५ श्लोक आहेत आणि रामदास त्यांत पुष्कळ ठिकाणी मनाशी समोरासमोर बोलतात, जसं थोरल्या भावानं धाकट्याशी बोलावं. मी असा, मी तसा, हे गाऱ्हाणं त्यात नाही. मिशिगन विद्यापीठातल्या ईथन क्रॉस यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमकं हेच तपासलं गेलं. चारचौघांत भाषण करायच्या आधी स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलणाऱ्यांपेक्षा, स्वतःला नावानं हाक मारून बोलणारे कमी घाबरले आणि बोललेही बरे. मुलाखतीच्या आधी बाकावर बसलेले असताना ‘माझं कसं होणार’ असं म्हणण्याऐवजी ‘सुनीता, पहिला प्रश्न ऐकून घे, दोन सेकंद थांब, मग बोल’ असं म्हणून बघा. मोठ्यानं म्हणायची गरज नाही. शेजारचा उमेदवार उठून जाईल.

तिसरा रस्ता अल्बर्ट एलिस यांचा. त्यांनी १९५५ साली न्यूयॉर्कमध्ये आपली उपचारपद्धती सुरू केली; मराठीत ती कि. मो. फडके यांनी आणली आणि ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णींनी घराघरांत पोचवली. घटना आणि दुःख यांच्या मध्ये आपली एक समजूत असते, तिची उलटतपासणी घ्या, असं ती सांगते. पण मला त्या सिद्धांतापेक्षा एलिस यांचा एकोणिसाव्या वर्षीचा उद्योग जास्त शिकवतो. मुलींशी बोलायला ते भयंकर घाबरायचे. तेव्हा ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर एकट्या बसलेल्या प्रत्येक स्त्रीशेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला लागायचं, असं त्यांनी ठरवलं. महिनाभरात ते १३० जणींशेजारी बसले. ३० लगेच उठून गेल्या. १०० जणींशी बोलणं झालं. एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, ती आली नाही. हिशोबानं पाहिलं तर पूर्ण अपयश. पण कुणी पोलिसांना बोलावलं नाही, कुणी थोबाडीत मारली नाही, आणि भीती मात्र गेली. (आजच्या काळात हा प्रयोग जसाच्या तसा करू नये, हे तरुणांना वेगळं सांगायला नको.) नुसतं बसून विचार बदलत नाही. ज्याची भीती वाटते त्याचा एक छोटा, निरुपद्रवी तुकडा प्रत्यक्ष करून पाहिला की समजूत आपोआप सैल होते. बँकेत इंग्रजीत बोलायची भीती असेल तर एक वाक्य बोलून या. चुकलं तर काय होतं ते पाहा आणि परत आल्यावर लिहून ठेवा.

राहिली परिस्थिती. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं टेबलासमोर कागद चिकटवतात: स्वतःचं नाव आणि खाली ‘उपजिल्हाधिकारी’. लाल दिवा २०१७ साली गाड्यांवरून उतरला, स्वप्नांतून अजून उतरलेला नाही. हे चित्र रोज डोळ्यांसमोर आणा, असं त्यांना व्याख्यानांत सांगितलं जातं. कॅलिफोर्निया विद्यापीठात लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ साली हेच परीक्षेपूर्वी विद्यार्थ्यांवर तपासलं. एका गटानं रोज काही मिनिटं उत्तम गुण मिळाल्याचं दृश्य पाहायचं. दुसऱ्यानं आपण कुठे बसून, कुठला धडा उघडून, टीव्ही बंद करून कसा अभ्यास करतोय ते पाहायचं. दुसऱ्या गटाचा अभ्यासही जास्त झाला आणि गुणही जास्त मिळाले. निकालाची स्वप्नं पाहणाऱ्यांचा अभ्यास उलट कमी भरला. गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञेनं पुढे दाखवलं की गोड कल्पनेत रमल्यावर शरीर चक्क सैलावतं, रक्तदाबही उतरतो. ध्येय गाठून झालंय अशी शरीराची समजूत होते, मग ते उठेल कशाला? विश्रांती हवी असेल तेव्हा अशी स्वप्नं जरूर बघा. काम करायचं असेल तेव्हा मनात अडथळा आणा. ‘रात्री नऊला अभ्यासाला बसतो आणि सव्वानऊला मोबाइल हातात येतो’ हे दृश्य पाहा, कारण खरी लढाई तिथे आहे.

आणि त्या अडथळ्याला आधीच उत्तर ठरवून टाका. ब्रिटनमध्ये सारा मिल्न, शीना ऑर्बेल आणि पास्कल शीरन यांचा २००२ सालचा एक अभ्यास आहे. २४८ जण, तीन गट. पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटं जोरकस व्यायाम करायचा. एका गटाला काहीच सांगितलं नाही. ३८ टक्क्यांनी व्यायाम केला. दुसऱ्याला व्यायाम न केल्यानं हृदयाचं काय होतं ते वाचायला दिलं. ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्यानं तेच वाचलं आणि शिवाय एका वाक्यात लिहिलं की अमुक वारी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन. ९१ टक्क्यांनी केला. प्रेरणादायी मजकुरानं काडीचा फरक पडला नाही. पडला तो त्या एका वाक्यानं. पुढच्या वेळी प्रेरणादायी व्याख्यानाचं तिकीट काढताना हे आकडे आठवा.

घड्याळाची वेळ पाळणं जमत नसेल तर वाक्य घरातल्या एखाद्या पक्क्या घटनेला बांधा. ‘संध्याकाळी कुकरची तिसरी शिट्टी झाली की मी चपला घालून खाली उतरेन.’ ‘सुनेच्या बोलण्याचा राग आला की मी आधी पाणी प्यायला उठेन.’ ‘दुकान बंद करताना कुलूप लावण्याआधी दिवसाची उधारी वहीत उतरवीन.’ एका वेळी एकच. सात-आठ वाक्यं एकदम लिहिणाऱ्यांची पहिल्याच आठवड्यात सगळीच बारगळतात, आणि मग दोष संकल्पशक्तीला दिला जातो.

विचारानं परिस्थिती घडते तशी परिस्थितीनंही विचार घडतो, आणि व्याख्यानांत हे कधीच सांगत नाहीत. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची २०१३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी घ्या. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात तंग असताना, आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, बुद्धीची तीच कोडी घातली. आधीपेक्षा नंतर ते स्पष्टपणे सरस ठरले. माणूस तोच, डोकंही तेच. पण आधीच्या वेळी त्या डोक्यातली बरीचशी जागा देण्या-घेण्यानं व्यापलेली होती. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळावेत असा आपल्याकडे कायदा आहे; ते प्रत्यक्षात कधी मिळतात हे कुठल्याही ऊसपट्ट्यात विचारा. अशा माणसाला ‘गरिबी मनात असते’ असं सांगणाऱ्याच्या मनात काय असतं, असा प्रश्न मला पडतो.

तंगीचे महिने कुठले हे बहुतेक घरांना आधीच ठाऊक असतं. जून घ्या: शाळेची फी, बियाणं, घर गळतंय. तेव्हा लांबवर परिणाम करणारा निर्णय त्या महिन्यांत शक्यतो घेऊ नका. मुलीचं लग्न ठरवणं, जमीन गहाण टाकणं, भिशीत नवीन नाव घालणं, सगळं थोडं पुढे ढकला. कर्जाच्या कागदावर बसल्या जागी सही करू नका. ‘घरी दाखवून उद्या आणतो’ हे वाक्य कुठल्याही बँकेत किंवा पतपेढीत चालतं, चालत नसेल तर ते कर्जच घेऊ नये. कागद ज्याच्या डोक्याला ती काळजी नाही अशा कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, कॉलेजात जाणारी पुतणीसुद्धा पुरेल. आणि पैसे हातात आलेल्या आठवड्यात, डोकं मोकळं असताना, पुढच्या तंगीसाठी वहीत लिहून ठेवा: आधी कुणाचे द्यायचे, कुणाला थांबायला सांगायचं, कुठला खर्च तोडायचा, अडलं तर कुणाकडे जायचं आणि कुणाकडे मुळीच जायचं नाही. ते महिने आले की त्या वहीप्रमाणे चालायचं. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अ‍ॅप्स तेव्हापुरती काढून टाका.